मीटरच्या अलीकडे

बोरखेडे बाजार या गावात विजेच्या दोन सत्ता होत्या आणि त्यांच्यामधली सरहद्द म्हणजे मीटर. ट्रान्सफॉर्मरच्या डीपीपासून निघून खांबाखांबाने येणारी वीज मीटरात शिरेपर्यंत बोर्डाची, म्हणजे झुलाल लाइनमनची. मीटरमधून बाहेर पडली की ती भाईदास वायरमनची. भाईदासने वीस वर्षांत कधी खांबाला हात लावला नव्हता. पान खाऊन थुंकतानासुद्धा तो खांब सोडून थुंकत असे. तेलघाणी, पिठाची गिरणी, लाकडाची वखार, बर्फाचा कारखाना, टॉकीज अशी थ्री फेजची सतरा कनेक्शनं गावात होती आणि सतराही त्याच्याच हातची. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर. एका लग्नात आहेराच्या पाकिटावर नाव लिहायला म्हणून त्याने तोच उपसला होता, आणि नाव उमटेना म्हणून पाकिटाला नावं ठेवली होती.

अडचण एवढीच, की झुलाल लाइनमन हा भाईदासचा मेहुणा. भाईदासच्या बायकोचा, द्रौपदाबाईचा, पाठचा भाऊ.

दिवाळीत भाऊबिजेला झुलाल ओवाळून घ्यायला आला. ओवाळणं झालं, चकल्या झाल्या, आणि हात धुवायला उठताना त्याची नजर भाईदासच्या घरातल्या बोर्डावर गेली. सवयीने त्याने फ्यूज उपसून पाहिला. आत केसाएवढ्या तारेऐवजी तांब्याची जाडजूड तार होती, जिच्यावर ओलं लुगडं खुशाल वाळत घालावं.

"दाजी," झुलाल आल्यागेल्यांसमोर म्हणाला, "बठ्ठा गावले शहाणपन शिकाडतस आनि घरमा ही तार? हाऊ फ्यूज शे का बैल बांधानं दावं?"

ओट्यावरची माणसं पोट धरून हसली. शेजारचे देवचंद गुरुजी "दिव्याखाली अंधार" असं म्हणाले, आणि ती म्हण भाईदासच्या थेट काळजात गेली. खरी गोष्ट अशी, की सहा वर्षांपूर्वी क्रिकेटच्या मॅचच्या वेळी फ्यूज लागोपाठ तीनदा उडाला, म्हणून भाईदासने हाताला लागली ती तार ठोकली होती आणि उद्या बदलू म्हटलं होतं. तो उद्या अजून उजाडायचा होता. पण दुखावलेला माणूस खरी गोष्ट सांगत बसत नाही. तो ताडकन उठला.

"मीटरना आत मनं राज्य शे. खांबावरना मानुसनी आत नाक खुपसानं नही!"

"बरं," झुलालने हातातला फ्यूज जागेवर बसवला. "यानापुढे तुमना मीटरना आत मी पाय टाकाव नही."

तेव्हापासून दोघांत बोलणं बंद. सहा महिने द्रौपदाबाई मधल्या मध्ये निरोप वाहत होती. आता आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली होती, आणि खानदेशातल्या बाईला आखाजी म्हणजे काय, हे ज्याला कळत नाही त्याला सांगूनही कळायचं नाही. आखाजीला लेकी माहेरी जातात, झोक्यावर बसतात, गाणी म्हणतात, खापरावरची पुरणपोळी आमरसात बुडवून खातात. द्रौपदाबाईचं वय बेचाळीस, पण झोक्याला वय विचारायची पद्धत नाही. माहेर दहा मैलांवर, एस्टी दर तासाला. पण लेकीने आपल्या पायांनी जायचं नसतं. भावाने मुराळी म्हणून घ्यायला यायचं असतं. आणि भावाने तर मीटरच्या आत पाय न टाकायची शपथ घेतलेली.

"मुराळी उना तर जासू," द्रौपदाबाई गहू निवडता निवडता म्हणाली, "नही ते आठेच बठसू."

एवढं बोलून ती गप्प झाली. बायको बोलत असली की भाईदासला काही वाटत नसे. गप्प झाली की तो उगाच टेस्टर पुसत बसे.

आखाजीला पाच दिवस उरले असताना वादळ आलं. पत्रे उडाले, एक बाभूळ तारांवर पडली आणि गाव अंधारात गेलं. तालुक्याहून बाहेरगावची गँग आली, तिने तारा ओढल्या, जोडल्या आणि चहा पिऊन निघून गेली. सकाळी लाईट आली. पोरासोरांनी आरडाओरडा केला, रेडिओ लागले, आणि अर्ध्या तासाने तेलघाणीचे मालक कौतिकशेठ धोतराचा सोगा सावरत भाईदासच्या दारात उभे राहिले.

"भाईदास, घाणा शेंगदाणे परत देतोय!"

"परत म्हणजे?"

"वरून टाकतोय आणि वरूनच बाहेर येताहेत. माझ्या तोंडावर!"

त्यांच्या मागोमाग गिरणीवाला उखर्डू आला. त्याच्या गिरणीतून पीठ येईना. जे येत होतं ते पीठ नव्हतं, रवा नव्हता आणि कोंबड्यांनाही पसंत नव्हतं. मग टॉकीजचे मॅनेजर पुनाभाऊ आले. टॉकीजचे मोठे एक्झॉस्ट पंखे आतली हवा बाहेर टाकायचे सोडून बाहेरची हवा आत ओढत होते, आणि पंखे होते मुतारीच्या भिंतीवर. नायकाची आई पडद्यावर प्राण सोडत होती तेव्हा प्रेक्षकांनी तिच्याही आधी हॉल सोडला होता.

देवचंद गुरुजींनी लगेच कारण सांगितलं. "वादळ पश्चिमेकडून आलं ना? मग करंटची दिशा फिरली. दोन दिवस मोटरी बंद ठेवा, करंट आपोआप ठिकाणावर येईल. तोवर मेन स्विचला लिंबू-मिरची बांधा." तिघांपैकी दोघांनी बांधलीसुद्धा.

भाईदासला मात्र एका नजरेत उमगलं. थ्री फेजच्या तीन तारांपैकी कुठल्याही दोन तारा एकमेकींच्या जागी गेल्या, की मोटर उलटी फिरते. दिव्यांना, रेडिओंना त्याचं सोयरसुतक नसतं. गँगने डीपीवर दोन तारांची अदलाबदल करून ठेवली होती. डीपीवर पाच मिनिटांचं काम. पण डीपी म्हणजे मीटरच्या पलीकडे, आणि मीटरच्या पलीकडे झुलाल.

झुलालला सांगण्यापेक्षा भाईदास बोर्डाच्या कचेरीत गेला. तिथल्या कारकुनाने तक्रारींचं रजिस्टर उघडलं.

"काय, लाईट नाही?"

"आहे."

"मंद आहे?"

"नाही. मोटरी उलट्या फिरताहेत."

कारकुनाने रजिस्टरातल्या रकान्यांवरून बोट फिरवलं. लाईट नाही, लाईट मंद, तार तुटली, मीटर जळालं. "उलटी असा रकाना नाही," तो म्हणाला. "बरं, मोटर कुठे असते? मीटरच्या आत की बाहेर?"

"आत," भाईदासच्या तोंडून निघून गेलं.

"मग ती तुमची."

आपलीच सरहद्द आपल्याच नाकावर आपटून भाईदास बाहेर आला. तरी कारकून भला होता. त्याने मागून ओरडून सांगितलं, की ग्राहकाने स्वतः मागच्या बिलासह अर्ज दिला तर लाइनमनकडे पाठवता येईल. लाइनमन हे नाव ऐकल्यावर भाईदासने कानच बंद केले. सतराच कनेक्शनं ना? प्रत्येक ठिकाणी मेन स्विचवर दोन तारा फिरवल्या की झालं. डीपीवरची चूक सतरा घरांत सुधारायची. पण स्वाभिमान म्हटला की थोडी मेहनत आलीच.

वैशाखाच्या तोंडावरचं खानदेशचं ऊन म्हणजे तव्यावर उभं राहिल्याचं सुख. त्या उन्हात भाईदासने दिवसभरात सतरा ठिकाणी तारा फिरवल्या. संध्याकाळी घाण्यातून तेल आलं, गिरणीतून पीठ आलं, टॉकीजमध्ये नायकाच्या आईला शांतपणे मरता आलं. कौतिकशेठनी त्याला पेढा भरवला. भाईदास घरी आला तो वरातीतल्या नवरदेवासारखा.

"झुलालले सांगं?" द्रौपदाबाईने विचारलं.

"त्याले काय सांगानं? मी बठ्ठं सीधं करी टाकं!"

त्याला हे ठाऊक नव्हतं, की सकाळीच कौतिकशेठनी गुरुजींकडून अर्ज लिहून घेतला होता. गुरुजींनी तो चार पानी लिहिला. त्यात महागाई, तरुणांचं बिघडणं आणि शेवटी मोटर, असे तिन्ही विषय घेतले. कारकुनाने 'इतर' असा नवा रकाना आखून तो झुलालकडे धाडला. झुलाल कर्तव्याचा पक्का. दुसऱ्या दिवशी सकाळी तो डीपीवर चढला, स्विच खाली ओढला, दोन तारा जागच्या जागी आणल्या आणि उतरला.

सतराच्या सतरा मोटरी पुन्हा उलट्या.

कौतिकशेठच्या तोंडावर पुन्हा शेंगदाणे आले. कालचा पेढा त्यांच्या डोळ्यांतून परत मागितला जात होता. "अरे, एका दिवसाची गॅरंटी नाही तुझ्या कामाला!" ते गरजले. भाईदासला सगळं कळलं, पण आता झुलालने केलं म्हणून सांगावं, तर त्याने केलं ते बरोबरच होतं, हेही सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा त्याने पिशवी उचलली आणि सतरा ठिकाणी तारा परत फिरवायला निघाला. तेलघाणी झाली, गिरणी झाली, वखार झाली. दुपारपर्यंत नऊ ठिकाणं झाली.

इकडे उरलेले आठ जण झुलालच्या क्वार्टरवर धडकले. "तू डीपीवर चढलास आणि आमच्या मोटरी फिरल्या!" झुलाल गडी भोळा. त्याला वाटलं, दाजींनी आतून सगळं सरळ केलेलं असणार, आपणच येऊन बिघडवलं. दाजींशी बोलायचं नाही, पण दाजींचं काम नासवायचं म्हणजे पाप. तो भर दुपारी पुन्हा डीपीवर चढला आणि दोन तारा होत्या तशा करून उतरला.

आता गंमत अशी झाली, की भाईदासने ज्या नऊ ठिकाणी सकाळपासून घाम गाळला होता त्या नऊ मोटरी उलट्या फिरू लागल्या, आणि जिथे तो पोचलाच नव्हता त्या आठ सरळ. ज्यांचं काम केलं ते शिव्या देत होते; ज्यांचं केलं नाही ते हात जोडून "वा भाईदास" म्हणत होते. वीस वर्षांच्या धंद्यात असा न्याय त्याने पाहिला नव्हता.

संध्याकाळपर्यंत गावात दोन पार्ट्या पडल्या. उलट पार्टीचे पुढारी कौतिकशेठ. त्यांनी डीपी फिरवा म्हणून एकदम नऊ अर्ज टाकले. सुलट पार्टीचे पुढारी पुनाभाऊ. त्यांनी डीपीखाली बाज टाकून चार माणसं काठ्या घेऊन बसवली आणि त्यांना टॉकीजचे पास वाटले. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत जे भाऊबंद एका बाजूला होते ते मोटरीच्या फिरण्यावरून फुटले. वखारवाला उलट आणि त्याचा जावई बर्फवाला सुलट. घरचं झालं थोडं, म्हणून गुरुजी दोन्ही पार्ट्यांचे अर्ज लिहून देत होते.

आणि यात खरी पंचाईत झाली ती बायकांची. आखाजीच्या पोळ्यांसाठी गहू आदल्या दिवशी ओलवून, फडक्यात बांधून ठेवायचे आणि मग गिरणीवर न्यायचे, तेव्हा कुठे ते वस्त्रगाळ पीठ पडतं. भाईदासने गिरणी सुरू केली म्हणताना गावभरच्या बायकांनी गहू ओलवले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी डबे घेऊन त्या गिरणीवर आल्या, तर उखर्डू कपाळाला हात लावून बसलेला. डब्यांची रांग गिरणीपासून डीपीपर्यंत गेली. ओले गहू संध्याकाळपर्यंत आंबणार. रांगेत तिसरा डबा द्रौपदाबाईचा होता.

भाईदास तिच्याजवळ जाऊन हळूच म्हणाला, "झुलालले सांग, डीपीले हात लावू नको. मी नऊ ठिकाने फिरायी देस, बठ्ठं सीधं व्हई जाई."

काम खरोखर एवढंच होतं. झुलालने हात लावायचा नाही, आणि भाईदासने नऊ ठिकाणी लावायचा. पण झुलालच्या खिशात नऊ अर्जांवरचा कचेरीचा हुकूम होता, आणि तो पक्कड घेऊन डीपीकडे निघालाही होता.

द्रौपदाबाईने डबा खाली ठेवला. "मी सांगाव नही."

"काब्र?"

"मी काय तुमनी वायर शे? सहा महिना झायात, इकडनं तिकडे, तिकडनं इकडे. आते तुमनं तुम्ही बोला." तिचे डोळे भरून आले होते. "पीठ नही ते नही. मुराळी नही ते नही. मले काही सांगू नका."

भाईदास उभा राहिला. समोर डीपी, डीपीखाली काठ्या, काठ्यांपुढे पक्कड घेतलेला झुलाल, भोवती सगळं गाव आणि मागे बायको. त्याने खिशातला टेस्टर काढला, पुसला, परत ठेवला. मग पुढे जाऊन घसा खाकरला.

"झुलाल." सहा महिन्यांतला पहिला शब्द. "डीपीले हात लावू नको. चूक... दोन्हीसनी व्हई. मी नऊ ठिकाने फिरायस."

झुलालने हुकुमाच्या कागदाकडे पाहिलं, दाजींकडे पाहिलं.

"नही लावाव हात," तो म्हणाला. "पन एक अट शे, दाजी. आधी घरना फ्यूज बदला."

"कसला फ्यूज?" कौतिकशेठनी विचारलं. आणि जे चकल्या खाणाऱ्या चार माणसांनाच माहीत होतं ते गुरुजींनी, कुणी मागितलं नसताना, अख्ख्या गावाला समजावून सांगितलं. उलट पार्टी हसली, सुलट पार्टी हसली. बऱ्याच तासांनी दोन्ही पार्ट्यांचं एकमत झालं.

भाईदासच्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. जीभ अगदी टोकावर आली होती. पण त्याने मागे वळून पाहिलं, तर द्रौपदाबाई हसत नव्हती. ती नुसती पाहत होती. तो घराकडे चालू लागला. पाच मिनिटांनी परत आला आणि सगळ्यांदेखत ती सहा वर्षांची जाड तार त्याने झुलालच्या तळहातावर ठेवली.

झुलालने ती तार उलटसुलट करून पाहिली. मग तो डीपीच्या पेटीकडे गेला. त्या पेटीची कडी गेली दोन वर्षं तुटलेली होती आणि नव्या कडीचा अर्ज तालुक्याला पडून होता. त्याने तीच तार कडीच्या भोकांतून ओवली, पकडीने चार पीळ दिले आणि पेटी बंद करून टाकली.

"घ्या," तो गावाला म्हणाला. "आते याले कोनी हात लावाव नही. दाजीसनी तार शे, सात जनम तुटाव नही."

सुलट पार्टीच्या माणसांनी बाज उचलली. भाईदास गिरणीत शिरला. मेन स्विच उघडून तो तारा फिरवू लागला, तर झुलाल बाहेर मीटरपाशी थबकलेला.

"तठे काय उभा शे?" भाईदास आतून ओरडला. "बॅटरी कोन धरी?"

"मीटरना आत मी..."

"ये रे बापा! तू मना साला शे, बोर्ड नही!"

झुलाल आत आला. गिरणी फिरली. उखर्डूने पहिला डबा ओतला आणि खालून असं पीठ पडलं, की बायकांनी चिमटीत धरून एकमेकींच्या गालांना लावून पाहिलं. दिवस मावळायच्या आत साला-मेहुण्यांनी नऊच्या नऊ ठिकाणं उरकली; एक तारा फिरवी, दुसरा बॅटरी धरी आणि दोघंही गँगला शिव्या देत. कौतिकशेठनी पेढे काढले, पण या वेळी खाण्याआधी घाणा दहा मिनिटं चालवून पाहिला. झुलालने हुकुमावर शेरा मारला, 'समक्ष पाहता सर्व सुलट आहे', आणि कचेरीत दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी झुलाल मुराळी म्हणून आला. मीटरपाशी न थांबता सरळ स्वयंपाकघरात गेला, चहा प्यायला, आणि जाता जाता त्याने फ्यूज उपसून पाहिलाच. आत केसाएवढी तार होती. फक्त "दाजी, उद्या जेवाले या" एवढं म्हणाला. द्रौपदाबाई नवं लुगडं नेसून पिशवीत पिठाचा डबा घेऊन निघाली. दारातून तिने बजावलं, "इस्त्री आनि हिटर एक टायमाले लावू नका."

ज्याला अख्ख्या गावाच्या मोटरी कळतात त्याला बायको इस्त्रीचं शिकवते, याचं भाईदासला हसू आलं. आखाजीच्या दिवशी त्याने सासुरवाडीला घालायचा पांढरा शर्ट काढला, अंघोळीच्या बादलीत हिटर सोडला आणि इस्त्री फिरवायला घेतली. डावी बाजू झाली, डावी बाही झाली, आणि फट्. पंखा थांबला, इस्त्री गार होऊ लागली.

भाईदासने फ्यूज उपसला. तार बरोबर मधोमध वितळली होती. त्याने स्वतः शिकवली असती तरी इतकी नेमकी वितळली नसती. तो ओट्यावर धावत गेला. "गुरुजी, उडाला! बरोबर उडाला!"

"मग दुसरी तार घाल," गुरुजी पेपरातून म्हणाले.

पिशवीत तार नव्हती. घरातल्या फ्यूजनंतर उरलेली सगळी परवा नऊ ठिकाणचे फ्यूज बांधण्यात संपली होती. जाड तार होती, पण ती चौकात डीपीच्या कडीला उन्हात लखलखत होती. भाईदासने एक क्षण तिकडे पाहिलं. मग कोमट पाण्याने अंघोळ केली आणि तोच शर्ट घालून एस्टी पकडली.

सासुरवाडीच्या अंगणात लिंबाला झोका बांधला होता. झोक्यावर बेचाळीस वर्षांची द्रौपदाबाई पोरींच्या सुरात सूर मिसळून गात होती आणि झुलाल मागून झोके देत होता. भाईदास फाटकातून आत आला. तिने त्याचा शर्ट पाहिला. डावी बाजू कडक, उजवी बाजू बोळा. गाणं तिथेच थांबलं.

"फ्यूज उडना?" तिने झोक्यावरूनच विचारलं.

"उडना," भाईदास छाती पुढे काढून म्हणाला.

झुलालने बहिणीला असा झोका दिला, की तिचे पाय लिंबाच्या पानांना लागले.